वॉरंटीतला फ्रीज पुन्हा पुन्हा बंद पडतोय: बदलून मागता येतो का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सात महिन्यांपूर्वी दुकानातून नवा फ्रीज घेतला. तीन महिन्यांत थंड होणं बंद झालं. कंपनीचा माणूस येऊन गॅस भरून गेला. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गॅस. आता तिसऱ्यांदा बंद पडलाय. दुकानदार म्हणतो, 'आमचं काम विकण्यापुरतं, कंपनीशी बोला.' कंपनी म्हणते, 'वॉरंटीत दुरुस्ती करून देऊ, बदलून मिळणार नाही.' बिल वडिलांच्या नावावर आहे, फ्रीज मुलीच्या घरी आहे आणि तीच वापरते. तिला आता दुरुस्ती नको आहे. नवा फ्रीज किंवा पैसे परत मागता येतील का, आणि निकाल लागेपर्यंत दुसरा फ्रीज घेतला तर चालेल का?

हो, मागता येतात. फक्त मागण्याची पद्धत आणि हातातले कागद यांवर पुढचं सगळं ठरतं. ग्राहक आयोगात अशी प्रकरणं चालवताना मला सतत दिसतं की तक्रारदाराची बाजू खरी असते, पण ती दाखवणारा कागद त्याने पहिल्याच दिवशी टेक्निशियनच्या हातून जाऊ दिलेला असतो. म्हणून कलमं नंतर, आधी यंत्राचं बोलू.

फ्रीजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कंप्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी, इव्हॅपोरेटर आणि परत कंप्रेसर अशा बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. दुसऱ्यांदा गॅस भरावा लागला म्हणजे पहिल्या वेळी गळती शोधलीच नव्हती, किंवा शोधूनही ती बंद झाली नव्हती. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये या नळ्यांचा काही भाग बाजूच्या भिंतीत, फोमच्या आत असतो. तिथे गळती असेल तर घरी येऊन ती दुरुस्त करणं जवळजवळ अशक्य आहे, आणि हे टेक्निशियनला माहीत असतं. तरीही तो गॅस भरतो, फ्रीज काही आठवडे थंड राहतो, तक्रार 'बंद' होते आणि तेवढ्यात वॉरंटीचे दिवस सरत राहतात. म्हणून तुमची मुख्य तक्रार 'फ्रीज थंड होत नाही' अशी लिहू नका. ती अशी लिहा: 'दोनदा गॅस भरूनही गळती कायम आहे, म्हणजे मूळ दोष दुरुस्त झालेला नाही.' पहिल्या वाक्यावर कंपनी तिसऱ्यांदा गॅस भरायला माणूस पाठवेल. दुसऱ्या वाक्याला तिला उत्तर द्यावं लागेल.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे आणि त्याने 1986 च्या कायद्याची जागा घेतली. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण किंवा मानक कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याप्रमाणे जसं असायला हवं, त्यात कोणतीही उणीव असेल तर तो दोष. करार लेखीच असला पाहिजे असंही नाही, गृहीत धरलेला करारही त्यात येतो. थंड ठेवणं हेच फ्रीजचं काम, आणि नवा फ्रीज तीन महिन्यांत ते थांबवत असेल तर तो दोष आहे. हे पटवायला फार युक्तिवाद लागत नाही. युक्तिवाद लागतो तो पुढच्या पायरीवर: दोष दुरुस्तीने जाणारा आहे की बदलूनच द्यावं लागेल असा?

कंपनीचा वकील इथेच बोट ठेवतो. वॉरंटी कार्डावर 'सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढीच जबाबदारी' असं छापलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात, वॉरंटी भाग बदलून देण्यापुरती असताना अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश रद्द केला होता, आणि सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार असते ते, तो निकाल आजही पुढे करतात. तेव्हा 'वस्तू बिघडली, म्हणून बदलून द्या' एवढ्यावर विसंबू नका. तुम्हाला दाखवायचं आहे ते असं: दुरुस्तीची संधी दिली, एकदा नव्हे, दोनदा दिली, तरी तोच दोष परत आला. दुरुस्तीचं आश्वासन कंपनीलाच पाळता आलं नाही. असं झाल्यावर दुरुस्तीचा पर्याय कागदावरच उरतो. कायद्याच्या कलम 39 मध्ये आयोगाला दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देण्याचा अधिकार आहे. वॉरंटी कार्डावर कंपनीने काहीही छापलं तरी तो अधिकार कमी होत नाही.

हे दाखवायचा पुरावा म्हणजे जॉब शीट, टेक्निशियन प्रत्येक भेटीत भरून तुमची सही घेतो तो कागद. तिच्याकडे नीट बघा. वर तक्रार क्रमांक आणि तारीख, खाली मॉडेल आणि सिरियल नंबर, मग 'ग्राहकाची तक्रार', 'आढळलेला दोष', 'केलेलं काम', 'बदललेले भाग' असे रकाने, आणि तळाला तुमची सही. गॅस भरलेल्या दिवशी 'आढळलेला दोष' हा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो किंवा तिथे नुसतं 'कूलिंग कमी' लिहिलेलं असतं. 'केलेलं काम' मध्ये 'चेक केलं, ओके' असं असतं. असा कागद पुढे तुमच्याच विरोधात वापरला जातो: फ्रीज ठीक होता, ग्राहकाने सही करून मान्य केलं. म्हणून सही करण्याआधी टेक्निशियनला गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम गॅस भरला ते लिहायला सांगा. आजच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुधा आर 600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे, वजन करूनच भरायचा असतो आणि बहुतेकदा शंभर ग्रॅमच्या आत लागतो. त्यामुळे 'किती भरला' या प्रश्नाचं उत्तर नीट काम करणाऱ्याकडे असतंच. तो लिहायला तयार नसेल तर सहीशेजारी तुम्ही स्वतः लिहा: 'दुसऱ्यांदा गॅस भरला, गळती शोधली नाही.' आणि लगेच त्या कागदाचा फोटो काढा.

आता कागदाऐवजी मोबाइलवर ओटीपी येतो आणि टेक्निशियन दारातच म्हणतो, 'मॅडम, कोड सांगा, तक्रार क्लोज करायची आहे.' हा कोड म्हणजे तुमची सही. तो दिला की कंपनीच्या नोंदीत 'ग्राहक समाधानी' असं पडतं. फ्रीज पुरेसा वेळ चालवून बर्फ होतोय का ते बघितल्याशिवाय कोड देऊ नका. यावर टेक्निशियन चिडचिड करतो, कारण त्याचं दिवसाचं काम त्या कोडांवर मोजलं जातं. त्याची अडचण खरी आहे, त्याच्याशी भांडू नका. पण कोड आपल्याकडेच ठेवा. आधी देऊन टाकला असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा की दोष कायम आहे, तक्रार पुन्हा उघडावी.

तुमच्याकडे आधीच्या दोन भेटींच्या जॉब शीट नसतील तर आजच कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी मागा: या सिरियल नंबरवरच्या सर्व तक्रारींचा इतिहास आणि जॉब शीटच्या प्रती द्या. पुष्कळदा देतात. दिल्या नाहीत तरी मागितल्याचा ईमेल आयोगापुढे उपयोगी पडतो, कारण संबंधित माहिती मुद्दाम दडवणं हे कायद्यात सेवेतली त्रुटी म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. तक्रार नोंदवल्याचे एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, आतला थर्मामीटर आणि त्या दिवशीची तारीख एकत्र दिसेल असा छोटा व्हिडिओ, हे सगळं जपा. पुढे ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्यावरचा आक्षेप तिथेच मिटतो.

एक नेहमीचं कारण तुमच्याही वाट्याला येईल: 'व्होल्टेज फ्लक्चुएशनमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही.' हे तोंडी ऐकून घेऊ नका. किती व्होल्टेज मोजलं, कधी मोजलं, आणि त्याने नळीला गळती कशी लागली, हे लेखी मागा. व्होल्टेजच्या चढउताराने पीसीबी (फ्रीजमधला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) किंवा कंप्रेसरची मोटर जळू शकते. नळीला भोक पडण्याचं ते कारण सहसा नसतं.

बिल वडिलांच्या नावावर असण्याची काळजी करू नका. पैसे देऊन वस्तू घेणारा ग्राहक असतोच, पण त्याच्या संमतीने ती वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. तक्रार वडिलांच्या आणि तुमच्या अशा दोघांच्या नावाने करा, म्हणजे या मुद्द्यावर वेळच जाणार नाही. हप्त्यांवर घेतलेला असला तरी हक्क तोच राहतो, आणि वस्तू सदोष आहे म्हणून कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नका. कर्ज देणारी संस्था वेगळी असते, आणि हप्ते थकले की नुकसान तुमचंच होतं.

दुकानदाराचं 'आमचा संबंध संपला' हे म्हणणं टिकत नाही. पैसे त्याने घेतले, बिल त्याने दिलं, विक्रीचा करार त्याच्याशी झाला. वस्तू विक्री अधिनियम 1930 च्या कलम 16 प्रमाणे माल विकण्यायोग्य दर्जाचा असला पाहिजे ही अट विक्रीत गृहीतच असते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा बिलावरचा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर 30 दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या बाबतीत पहिला बिघाड तीन महिन्यांनी झाला, म्हणून हा मुद्दा दुय्यम ठेवा, मुख्य भर वॉरंटी आणि दोषावर द्या. पण तक्रारीत दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तो दुसरा तिथे हजरच नसतो. जॉब शीट एखाद्या फ्रँचायझी सर्व्हिस सेंटरच्या नावाच्या असतील तर त्यालाही जोडा.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी दोन ओळी: ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे विक्रेत्याला सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देऊन महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते.

आता लेखी मागणी. वकिलामार्फतच नोटीस पाठवायला हवी असं नाही, आणि नोटीस पाठवणं सक्तीचंही नाही, पण पाठवा. एका पानाचं पत्र पुरे. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, मॉडेल, सिरियल नंबर. मग तिन्ही बिघाडांच्या तारखा आणि प्रत्येक वेळी केलेलं काम. मग दोन वाक्यं: दोनदा दुरुस्ती करूनही तोच दोष परत आला असल्याने आता पुन्हा दुरुस्ती मला मान्य नाही, 15 दिवसांत पूर्ण किंमत परत करावी किंवा नवा फ्रीज नव्या वॉरंटीसह द्यावा, अन्यथा ग्राहक आयोगात तक्रार करीन. त्रास, मनस्ताप, बदनामीची धमकी असलं काही नको. दुकानदाराला आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने, शिवाय तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा आणि पोच जपा. या काळात कंपनीने पुन्हा माणूस पाठवला तर दार बंद करू नका. 'तपासणी करू दिली नाही' हा त्यांचा आवडता बचाव असतो. तपासणी करू द्या, गॅस भरायला मात्र लेखी नकार द्या आणि तपासणीत काय दिसलं ते लिहून मागा.

पत्रानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती कंपनीशी बोलून तोडगा काढते, पण मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत बरीच प्रकरणं तिथेच सुटतात. या टप्प्यावर कंपनी बहुधा एक प्रस्ताव देते: घसारा कापून उरलेली रक्कम, किंवा फरक भरून वरचं मॉडेल. वॉरंटी संपल्यावर असा प्रस्ताव विचार करण्यासारखा असतो. वॉरंटीच्या आत, तेही सात महिन्यांतले चार महिने बिघाडात गेलेले असताना, घसारा कशाचा? माझा सल्ला नाकारण्याचा. घ्यायचंच ठरवलं तर 'फुल अँड फायनल' कागदावर सही पैसे खात्यात जमा झाल्यावरच करा. आणि हेल्पलाइनवर महिनोनमहिने थांबू नका. आयोगात तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे आणि हेल्पलाइनवरची तक्रार ती मुदत थांबवत नाही.

तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं, म्हणजे घरातलं कुठलंही उपकरण तिथेच. 2019 च्या कायद्याने आणलेली सर्वांत उपयोगी सोय ही की तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वॉरंटी कार्डावर 'फक्त अमुक शहराच्या न्यायालयांचं अधिकारक्षेत्र' असं छापलेलं असलं तरी तुमचा हा हक्क जात नाही. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. तक्रार अर्ज, शपथपत्र, बिल, वॉरंटी कार्ड, जॉब शीट, पत्र आणि त्याची पोच, एवढं क्रमाने लावा आणि प्रत्येक पानाला क्रमांक द्या. व्यवस्थित लावलेली फाइल वाचायला सोपी असते, आणि त्याचा फायदा तक्रारदाराला होतो.

मागणीचा क्रम विचारपूर्वक ठेवा. पहिली मागणी पूर्ण किंमत व्याजासह परत, पर्यायी मागणी नव्या वॉरंटीसह नवा फ्रीज. मी पैसे आधी मागायला सांगतो, कारण बदली म्हणून बहुधा तेच मॉडेल येतं आणि दोष त्या मॉडेलच्या नळ्यांतच असेल तर तुम्ही परत पहिल्या पायरीवर. भरपाई वेगळी मागा, पण आधार देऊन: नासलेल्या वस्तू, फ्रीजमध्ये ठेवावी लागणारी औषधं, सुट्टी काढून घरी थांबावं लागलेले दिवस. लाखोंचा आकडा टाकल्याने काही वाढत नाही, तक्रारीचं गांभीर्य मात्र कमी होतं.

उत्पादनातला मूळ दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि बरीच चांगली प्रकरणं इथे अडकतात. कलम 38 प्रमाणे चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फ्रीज उचलून पाठवणं अवघड, म्हणून तक्रारीबरोबरच अर्ज द्या की शासकीय तंत्रनिकेतन किंवा आयटीआयच्या रेफ्रिजरेशन विभागातल्या तज्ज्ञाकडून घरी येऊन तपासणी व्हावी, कंपनीचा माणूस हजर असताना. तपासणीचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागू शकतं. एकाच दोषाच्या तीन जॉब शीट स्पष्ट असतील तर पुष्कळदा अहवालाशिवायही भागतं, पण त्या भरवशावर अर्ज टाळू नका.

सामनेवाल्यांना लेखी जबाबासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. कायदा सांगतो की प्रकरण 3 महिन्यांत, चाचणी लागली तर 5 महिन्यांत संपावं. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका. कंपनीचा निर्णय घेणारा माणूस बहुधा तिथेच पहिल्यांदा समोर येतो. आदेश होऊनही पाळला नाही तर कलम 72 खाली दरखास्त, म्हणजे आदेश न पाळल्याबद्दल कारवाईचा अर्ज, करता येते, त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे दरखास्तीची नोटीस गेली की पैसे सहसा येतात.

एक वेगळी गोष्ट: फ्रीजला हात लावल्यावर झटका बसत असेल, जळका वास येत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी प्लग काढा. सदोष उत्पादनामुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला इजा झाली तर कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, तो दावा वेगळ्या पद्धतीने मांडावा लागतो.

दुसऱ्या फ्रीजचं विचारलंत. घ्या. वर्षभर फ्रीजशिवाय राहण्याची सक्ती कुठलाही कायदा करत नाही, आणि नवा घेतल्याने जुन्यावरचा हक्क जात नाही. फक्त जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका, बाहेरच्या मेकॅनिककडून उघडू नका. तो तुमचा पुरावा आहे, आणि सील तुटलं की कंपनीला वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं. बंद करून, आतून कोरडा पुसून, दार थोडं उघडं ठेवून बाजूला ठेवा. कंपनी वर्कशॉपमध्ये नेतो म्हणाली तर सिरियल नंबर, तारीख आणि नेण्याचं कारण लिहिलेली पावती घेतल्याशिवाय देऊ नका. नव्याचं बिल तक्रारीला जोडा, पर्यायी व्यवस्था करावी लागली याचा तो पुरावा होतो. निकाल तुमच्या बाजूने लागला की जुना परत करावा लागेल, तो रक्कम खात्यात जमा झाल्यावर, पावती घेऊन द्या.